लाल पाण्याच्या वाटेने

राजापुरास माझे जाणे आजवर अनेक वेळा झाले. परंतु ते नेहमी कोणाच्या लग्नामुंजीच्या निमित्ताने, नाहीतर वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावरील नोंदी दुरुस्त करून घेण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवण्याकरिता. आणि अशा कामासाठी आलेल्या माणसाला गाव दिसते ते फक्त कचेरी, एस. टी. चा थांबा आणि परतीच्या गाडीची वेळ एवढ्यापुरतेच. यंदाच्या आश्विनात मात्र मनाशी असा निश्चय केला, की एक अखंड दिवस केवळ पाण्यासाठी द्यायचा. सह्याद्रीच्या कुशीत कड्यावरून उडी घेणारे पाणी कोणत्या वाटेने खाडीस मिळते, त्या खाडीच्या काठी कोणती बंदरे वसली, नांदली आणि उजाड झाली, आणि शेवटी समुद्राच्या मुखाशी उभे राहून त्या पाण्याची राखण कोणी केली, हे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या एका प्रवासात डोळ्यांनी पाहायचे. या सगळ्या ठिकाणी एस. टी. जाते; पण ती एका दिवसात एकमेकांस जोडणे तिच्या वेळापत्रकात बसत नाही, म्हणून राजापुरातच एक गाडी दिवसाच्या बोलीने ठरविली. गाडी चालविणारे मामा साठीच्या घरातले, उभा जन्म अणस्कुरा घाटातून मालाच्या गाड्या चढविण्या-उतरविण्यात गेलेला. तेव्हा वाटेची चौकशी करण्याचे कारणच उरले नाही.

पहिला मुक्काम अगदी जवळचा. राजापुरापासून तीनेक किलोमीटरवर धोपेश्वर गावी मृडानी नदीच्या काठी धूतपापेश्वराचे देवालय आहे. रस्ता सोडून पायऱ्या उतरू लागलो, की प्रथम देऊळ दिसत नाही. ऐकू येते ते पाणी. झाडीच्या दाट छायेत तो घोष इतका सर्वव्यापी असतो, की तो नेमका कोणत्या दिशेने येतो हे कळण्यापूर्वीच माणूस देवळाच्या लाकडी खांबांच्या मंडपात येऊन पोहोचतो आणि मग त्याला बाजूच्या कातळावरून कोसळणारी नदी दिसते. पापे धुऊन टाकणारा तो धूतपापेश्वर. हे नाव ज्याने ठेवले त्याने देव पाहण्याआधी हा प्रपात पाहिला असला पाहिजे, असे तेथे उभे राहिल्यावर वाटल्याशिवाय राहत नाही. मोठ्या क्षेत्रांतील गर्दी, ओरड, दुकानांच्या रांगा यांपैकी येथे त्या सकाळी काहीही नव्हते. एक वृद्ध गुरव ओल्या पंच्याने पायऱ्या पुशीत होते आणि पाण्याचे तुषार त्या पायऱ्या पुन्हा ओल्या करीत होते. मी अर्धा तास बसलो. नवरात्र सुरू झालेले असूनही पाणी अद्याप निवळले नव्हते. त्यात तांबूस छटा होती, आणि दिवसभर मी जिचा माग काढणार होतो ती हीच छटा.

देवळाजवळून निघालेली नदी फार लांब जात नाही. खाली राजापूरच्या परिसरातले सारे पाणी शेवटी अर्जुना नदीच्या खाडीस मिळते. शहरात अर्जुना आणि कोदवली यांचा संगम आहे, आणि बाजारपेठ त्या संगमाच्या इतकी निकट आहे, की पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी शिरले ही बातमी राजापूरकरांना नवी राहिलेली नाही. दुकानदार माल माळ्यावर चढवितात, पाणी ओसरले की चिखल काढतात आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडतात. आज ज्याला आपण उपद्रव म्हणतो तेच सान्निध्य एके काळी या पेठेचे भाग्य होते. अणस्कुरा घाटाने देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून येथे उतरे आणि खाडीने अरबस्तान-इराणकडे जाई; म्हणून आदिलशाहीत हे बंदर नावारूपास आले, आणि १६४९ मध्ये इंग्रजांनी येथे वखार घातली.

त्या वखारीची कथा प्रत्येक मराठी मुलाने शाळेत वाचलेली असते. परंतु ती राजापूरच्या धक्क्याजवळ उभे राहून आठवावी. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरकर इंग्रजांनी व्यापाऱ्याची तटस्थता सोडून वेढा घालणाऱ्यांस तोफगोळे पुरविले आणि त्यांच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन स्वतः तेथे हजर राहून, आपले निशाण लावून गडावर मारा करविता झाला. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, शिवाजी महाराजांनी राजापुरावर येऊन वखार जप्त केली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. ते सुटले १६६३ मध्ये. या घटनेची भरपाई मागण्यासाठी इंग्रजांचे कारकून पुढे कित्येक वर्षे खलिते लिहीत राहिले, आणि १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हाच्या वाटाघाटींतही राजापूरचे प्रकरण होतेच. मला या साऱ्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्या राज्यकर्त्याने वखार जप्त केली त्याने बंदर उजाड केले नाही. जकात आणि व्यापार यांविषयी त्यांची दृष्टी किती सूक्ष्म होती याचा पुरावा १६७१ च्या पत्रात आहे: बारदेशातील पोर्तुगीज अमलाखालचे मीठ स्वस्त पडून संगमेश्वराकडील मिठागरे बसतील, म्हणून बाहेरच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा त्यांनी कुडाळच्या सरसुभेदारास केली. आपल्या मुलखातील रयतेच्या पदार्थास संरक्षण देण्याचा हा विचार त्या काळच्या किती सत्ताधीशांच्या मनात आला असेल!

मग असे भरभराटीचे बंदर गेले कोठे? शत्रूने नेले नाही, आगीत जळाले नाही. एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियर सांगते, की रत्नागिरी जिल्ह्यात अरबी गलबते थेट येऊन व्यापार करतात असे हे एकच बंदर; आणि त्याच ठिकाणी पुढे म्हटले आहे, की मोठे जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही. इंग्रजांच्या त्या भक्कम दगडी वखारीत तोवर सरकारी कचेऱ्या भरू लागल्या होत्या. समुद्र मागे हटला नव्हता. खाडी भरून आली होती. सकाळी धूतपापेश्वरापाशी पाण्यात पाहिलेली ती तांबूस छटा वर्षानुवर्षे धक्क्याच्या पायथ्याशी बसत गेली, आणि ज्या नदीने राजापूर घडविले तिनेच ते बंदर बुजविले. अलीकडे पुराचा ताप कमी व्हावा म्हणून पात्रातील गाळ उपसण्याचे काम झाले आहे. काठावर टाकलेल्या त्या गाळाच्या ढिगावर गवत उगवले होते, मामांनी गाडी थांबवून ढीग दाखविला आणि म्हणाले, "भाऊ, ही माती हितली न्हाय. ही वरची, घाटाखालची. पावसानं आणून टाकलेली."

जवळच्या उन्हाळे गावची गंगा आणि तिची चौदा कुंडे यांना या खेपेस बगल दिली. ती गंगा मनास येईल तेव्हा प्रकट होते, आणि मामांच्या मते तिच्याकडे घड्याळ पाहत जाऊ नये; मलाही ते पटले.

राजापूर सोडून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस निघालो. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंच्या टेकड्या उभ्या कापल्या आहेत, आणि पाहणाऱ्यास त्या कापांतून कोकणच्या भूमीचे अंतरंग पुस्तकाच्या पानासारखे वाचता येते. वर सड्याचा जांभा, तांबडा, छिद्रांनी भरलेला, मुंग्यांच्या वारुळासारखा. त्याखाली पांढरट-जांभळट मऊ शेडू. आणि सर्वांच्या तळाशी काळा कातळ. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपत खाली जाते, शेडूच्या थराने अडते, आणि वाट मिळेल तेथे डोंगराच्या कडेने झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. कोकणातील कित्येक वाड्यांना उन्हाळ्यात पाणी मिळते ते या एका व्यवस्थेमुळे. सड्यावर झाडी आणि गवत असेल तर ही व्यवस्था निर्वेध चालते. ते गेले, की तेच पाणी मुरण्याऐवजी धावते आणि धावताना माती घेऊन जाते. उघड्या कापांतून लाल ओघळ रस्त्याच्या कडेच्या गटारांत उतरलेले त्या दिवशीही दिसत होते.

खारेपाटण सुमारे वीस किलोमीटरवर. महामार्गाने जाणाऱ्या बहुतेकांना हे गाव म्हणजे नदीवरचा एक पूल एवढेच ठाऊक असते, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते. कारण कोकणच्या इतिहासातील एक अत्यंत मोलाचा दस्तऐवज याच गावाच्या नावाने ओळखला जातो. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट येथे सापडला. त्यात राजघराण्याची वंशावळ तर आहेच. पण मला खिळवून ठेवतो तो त्यातील दानाचा तपशील. देवालयाच्या खर्चासाठी राजाने गावे दिली, आणि त्यांच्या जोडीला परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचे एक गद्याणक नाणे लावून दिले. देशी बंदरांपैकी चेमूल्य आणि चंद्रपूर, म्हणजे आपले चौल आणि गोव्यातील चांदोर, यांच्या जहाजांसाठी त्यात वेगळा अपवाद नमूद आहे. सहस्र वर्षांपूर्वी कोणत्या बंदराच्या जहाजाकडून काय घ्यावे आणि कोणास सूट द्यावी याचा असा काटेकोर हिशेब ठेवणारी राजवट या किनाऱ्यावर नांदत होती, या विचारानेच छाती भरून येते.

गावात उतरून खाडीकडे चालत गेलो. समुद्रापासून इतक्या आत, माडांच्या आणि जुन्या घरांच्या दाटीत, येथे कधी परदेशी जहाजांची शिडे उतरविली जात होती यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. पाण्यात दोन होड्या होत्या. एक रेती भरून चाललेली, दुसरी काठाशी बांधलेली. पात्रात मध्येच उथळ बेट उठलेले, त्यावर बगळे. जे राजापुरात अर्जुनेने केले तेच येथे शुक नदीने आणि तिच्या उपनद्यांनी केले आहे, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

तळेऱ्याहून आम्ही वैभववाडीच्या रस्त्यास वळलो. समोर सह्याद्रीची भिंत, तिच्या माथ्यावर गगनगडाच्या बाजूला ढगांची पागोटी, आणि उताराला पिकत आलेली भातखाचरे. या ऋतूत कोकणात प्रवास करणाऱ्यास मी एकच विनंती करीन, की गाडीच्या काचा खाली घ्याव्यात. पिकत्या भाताचा वास शहरातल्या माणसास वर्षातून एकदा तरी मिळाला पाहिजे.

नापण्याचा धबधबा आमच्या दिवसाचा मध्य होता. महाराष्ट्रातील बहुसंख्य धबधबे मृगापासून दसऱ्यापर्यंतचे पाहुणे. पाऊस संपला की त्यांच्या जागी काळ्या कातळावर एक पांढरी रेघ तेवढी राहते. नापणे मात्र बारमाही आहे, आणि त्याचे कारण पाहण्यासाठी आम्ही आधी नाधवड्यास गेलो. तेथे महादेवाच्या देवळापाशी जमिनीतून पाण्याचे उमाळे फुटतात. स्वच्छ, उथळ पाण्याच्या तळाशी वाळू एकाएकी हलू लागते, तिच्यातून बुडबुडे वर येतात, क्षणभर शांत होतात आणि पुन्हा दुसरीकडे उठतात; जणू भूमी श्वास घेत आहे. ज्या झिरपणाचे वर्णन मी महामार्गाच्या कापावरून केले, त्याचीच ही अत्यंत सुंदर परिणती. हे पाणी अखंड आहे म्हणूनच खालचा धबधबा भर वैशाखातही वाहतो. देवळात दर्शनास आलेली एक आजी नातवाला सांगत होती, "हात नको घालू रे, देवाचा पाणी आसा." त्या आज्ञेत जलसंवर्धनाचे जे शास्त्र आहे, ते मी पुस्तकांतून वाचले, तिला ते परंपरेने मिळाले.

धबधब्यापाशी २०२५ मध्ये काचेचा पूल बांधण्यात आला. राज्यातील तो पहिलाच, म्हणून आता येथे पर्यटकांची ये-जा वाढली आहे. पुलावरून दरीचे समग्र दर्शन होते हे खरे, आणि ज्यांना खाली उतरणे शक्य नाही अशा वृद्धांची त्याने सोय केली हेही खरे. तरी ज्याचे पाय चालते आहेत त्याने पाण्याच्या पातळीवर यावे. डोहाच्या काठी उभे राहिले असता पाणी डोक्यावरून येते. त्याचा गारवा, त्याने हलविलेली हवा, शेवाळलेल्या खडकाचा वास यांची अनुभूती काचेतून मिळत नाही. वरच्या झाडीत शीळकरी कस्तूर शीळ घालीत होता. नेमकी मनुष्याने घातल्यासारखी, पण सुरास कोठेही न पोहोचणारी ती शीळ धबधब्याच्या घोषातूनही वेगळी ऐकू येत होती. येथले पाणी राजापुरात पाहिलेल्या पाण्याइतके तांबडे नव्हते. उमाळ्याचे पाणी गाळून येते. माती आणते ते सड्यांवरून धावत येणारे पावसाचे पाणी. दोन्ही पुढे एकाच नदीत मिळतात.

परतीच्या पायवाटेवर चिखल होता, आणि माझ्या वहाणा लाल होऊन गेल्या.

तळेऱ्याहून विजयदुर्ग पन्नासएक किलोमीटर. वाटेत एका खाणावळीत बांगड्याचे तिखले, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असे भोजन झाले. त्यानंतर सडा सुरू होतो: ओसाड, सपाट, वाऱ्याला मोकळा, आणि त्यावर मधूनमधून खडक फोडून, माती वाहून आणून लावलेल्या हापूसच्या बागा. विजयदुर्गाच्या अलीकडे गिर्ये गावी रामेश्वराचे देऊळ आहे, जांभा खोल कापून केलेल्या उताराच्या वाटेने त्याच्याकडे जावे लागते. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल संभाजी आंग्रे यांची समाधी याच देवळाच्या आवारात आहे. जवळच खाडीच्या काठी खडक कोरून केलेली आंग्र्यांची गोदी. भरतीच्या पाण्याबरोबर गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजे, आत घ्यायच्या आणि डागडुजी करून पुन्हा पाण्यात सोडायच्या. आज तेथे गवत आणि शांतता आहे. पण कातळावर छिन्नीचे घाव आहेत. जहाजे बांधण्यासाठी लाकूड कोठून आणावे याविषयीही त्या काळच्या राजनीतीने विचार केला होता: रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि रयतेची आंबा-फणसाची झाडे बळजबरीने न तोडण्याची त्यात स्पष्ट ताकीद आहे, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात. सड्यावरच्या उघड्या मातीकडे पाहून आलेल्या मला त्या ताकिदीचा आणखी एक अर्थ दिसला.

विजयदुर्गाचे प्रथम दर्शन गावातून होते, आणि ते अपेक्षेपेक्षा खालच्या पातळीवर. डोंगरी किल्ल्यांची सवय झालेल्या डोळ्यांना हा किल्ला मस्तक उंचावून उभा असलेला दिसत नाही. तो पाण्यात पाय रोवून बसलेला दिसतो. तिहेरी तट, एकामागे एक. गोमुखी बांधणीमुळे बाहेरून दरवाजा दिसतच नाही. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि घेरिया हे नाव जाऊन विजयदुर्ग झाला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे. कान्होजींच्या काळात इंग्रज येथे दोनदा येऊन हात हलवीत परतले. ही भूमी हे का करू शकली, ते बुरुजावर उभे राहिल्यावर उमगते. एका बाजूस मोकळा समुद्र, दुसऱ्या बाजूस खारेपाटणपर्यंत आत जाणारी वाघोटण खाडी. आंग्र्यांची उथळ तळाची गलबते संकटात खाडीच्या आत सरकत आणि इंग्रजांची खोल तळाची जहाजे मागून जाऊ शकत नसत.

आणि तरीही १७५६ चा फेब्रुवारी आला. ॲडमिरल वॉटसनचे आरमार समुद्रातून, त्याच्याबरोबर क्लाइव्ह, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. तेव्हा किल्ल्याचे धनी असलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या जहाजांना लागलेली आग पूर्वी त्यांनीच इंग्रजांकडून जिंकलेल्या रिस्टोरेशन नावाच्या जहाजापासून पसरली आणि एकास एक लागून उभे असलेले ते सारे आरमार जळून गेले. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि कैदेतच वारले. तहनाम्याप्रमाणे किल्ला पेशव्यांना मिळायचा होता. इंग्रजांनी तो महिनोन् महिने दाबून ठेवला आणि बाणकोट घेऊन मगच सोडला. तुळाजींचे आणि पेशव्यांचे वैर खरे होते, तुळाजींच्या हातून अन्यायही झाले होते; परंतु आपल्याच किनाऱ्यावरचे सर्वांत बलवान आरमार परक्याच्या तोफांनी जळताना आपली फौज जमिनीवरून पाहत होती, हे वाक्य लिहिताना आजही लेखणी अडखळते. पुढे आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार येथूनच सांभाळले आणि १७८३ मध्ये रत्नागिरीजवळ इंग्रजांचे रेंजर जहाज पाडाव केले, हे त्यांचे कर्तृत्व निःसंशय मोठे. पण गमावलेली दोन पिढ्यांची साधना त्याने भरून आली नाही.

तटावर पुढे एका जागी दगडी चौथरे आहेत. लोक त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी येथून हेलियम शोधला, असे येथे सांगितले जाते, आणि दरवर्षी त्या तारखेस येथे हेलियमचा दिवसही साजरा होतो. या श्रद्धेमागील प्रेम मला समजते. परंतु सत्य सांगितले पाहिजे. त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. गुंटूर येथून ग्रहण पाहिले ते फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी. लॉकियर यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट ग्रहणावाचूनच, त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, इंग्लंडातून घेतला. मात्र लॉकियर विजयदुर्गास आलेच नाहीत असेही नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते येथे आले, मेल्पोमेनी या युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी उपकरणांवर कामास लावले आणि या किनाऱ्यावरून निरीक्षणे घेतली. त्याच ग्रहणात पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊर येथून वेध घेत होते. हेलियम नावाच्या पदार्थाच्या शोधकर्त्याने विजयदुर्गाच्या आकाशाखाली उभे राहून सूर्य पाहिला, ही घटना स्वतःच इतकी गौरवाची आहे, की तिला तीस वर्षे मागे नेण्याचे काहीच प्रयोजन नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. विजयदुर्ग त्यांतील एक आहे. २०२० च्या पावसाळ्यात येथील तटाचा एक भाग ढासळला होता. समुद्राचे खारे पाणी खालून दगड खाते, वरून झाडांची मुळे सांधे उकलतात. मानाची सनद मिळाली तरी हे थांबत नाही. दुरुस्तीचा बंदोबस्त सतत, वर्षानुवर्षे आणि जाणत्या हातांनी व्हावा, एवढीच माझी कळकळीची मागणी आहे.

सूर्य बुडण्याच्या सुमारास धक्क्यावर आलो. मुंबई-गोव्याच्या बोटी चालत होत्या तेव्हा जैतापूर, विजयदुर्ग, देवगड असे एकेक बंदर घेत त्या जात. आज मच्छीमारांच्या नौका तेवढ्या नांगरावर होत्या. ओहोटी लागली होती. खाडीचे पाणी बाहेर चालले होते, आणि मुखाशी, जेथे ते समुद्रास मिळत होते, तेथे निळ्या पाण्यात तांबूस पट्टा दूरवर ओढल्यासारखा दिसत होता. मामा धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "भाऊ, वहाणा धुऊन घ्या. गाडीत चिखुल नको." मी वहाणा पाण्यात धरल्या. नापण्याची माती सुटली, क्षणभर पाण्यात तांबडा ढग झाला आणि ओहोटीबरोबर खालच्या पायऱ्यांवरून पुढे सरकला.